पराभवाचे खापर कोणाच्या माथी?

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तेथील फाट्यावरच्या एका चहाच्या टपरीवर ७ एप्रिल २०२५ रोजी, पहिली पाळी सुटल्यानंतरच्या भर उन्हात, एक खटला चालू होता. आदल्या रात्री, म्हणजे रामनवमीच्या रात्री, मडगावजवळ फातोर्डा येथे इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना झाला होता. एफ. सी. गोवा हा संघ बंगळुरू एफ. सी. विरुद्ध तो सामना जिंकला, परंतु दोन सामन्यांच्या बेरजेत हरून स्पर्धेबाहेर पडला. टपरीवरच्या तिघाचौघांत माझा एक जुना विद्यार्थी होता. गोव्यात वेर्ण्याच्या वसाहतीत दोन वर्षे नोकरी करून तो परतला आहे, आणि येताना त्या संघावरची निष्ठा बरोबर घेऊन आला आहे. मला पाहताच त्याने मला न्यायाधीशाच्या आसनावर बसविले. "तुम्हीच सांगा की ओ सर, शेवटच्या दोन मिनिटांत माणूस मोकळा सोडतात होय? ज्यानं सोडला त्यानंच घालवलं!"

फुटबॉलमधील तज्ज्ञतेचा माझा दावा नाही. परंतु अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय आणि दोष यांची वाटणी कशी करावी, हा अर्थशास्त्राच्या चिंतेचा जुना विषय आहे. टपरीवरचा वाद वरवर खेळाचा असला, तरी त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. म्हणून त्याची थोडी मीमांसा करणे अनाठायी ठरू नये.

दोन मिनिटांचा आरोपी

प्रथम घटनाक्रम पाहू. २ एप्रिलला बंगळुरू येथे झालेला पहिला सामना गोव्याने ०-२ असा गमावला. त्यातील पहिला गोल गोव्याचाच अनुभवी बचावपटू संदेश झिंगन याच्याकडून झालेला स्वयंगोल होता. दुसरा एडगर मेंडेझने केला. फातोर्ड्याला ४९व्या मिनिटाला बोर्हा हेरेराने आणि ८८व्या मिनिटाला अर्मांडो सादिकूने गोल केला, आणि एकूण हिशेब २-२ असा बरोबरीत आला. जादा वेळ आता निश्चित, असे वाटत असतानाच भरपाईच्या वेळातील दुसऱ्या मिनिटाला चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. एकूण ३-२. गोव्याचा हंगाम तेथे संपला.

आता आरोपींची यादी करू. छेत्रीला मोकळे सोडणारे बचावपटू हे पहिले. पण मग पहिल्या सामन्यातील स्वयंगोलाचे काय? तो झाला नसता, तर छेत्रीच्या गोलाने फार तर बरोबरी झाली असती. दुसरे आरोपी प्रशिक्षक मानोलो मार्केझ. जुलै २०२४ पासून ते भारतीय राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते, आणि एका माणसाने दोन घरची चाकरी करावी काय, अशी टीका हंगामभर होत होती. निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात परत बोलाविले गेले ते याच मार्केझ यांच्या कारकीर्दीत. ज्याला त्यांनी परत उभे केले त्यानेच त्यांचा हंगाम संपविला, असे कोणी म्हटले तर ते चटकदार वाक्य होईल. कारणमीमांसा मात्र होणार नाही. तिसरे आरोपी पहिल्या सामन्यात एकही गोल न करू शकलेले आघाडीपटू. चौथा आरोपी स्पर्धेची रचना. चोवीस सामन्यांच्या साखळीत गोव्याने ४८ गुण मिळविले होते, तर बंगळुरूने ३८. महिनोन्महिने कमावलेली ही दहा गुणांची आघाडी बाद फेरीत शून्य मोलाची ठरली.

यांतील प्रत्येक आरोपात सत्यांश आहे. तरीही टपरीवरील पंचांचे बोट शेवटच्या गोलाकडेच का वळले? याचे कारण असे की, आपले मन कारणांची साखळी शेवटच्या दुव्यापासून मोजू लागते आणि बहुधा तेथेच थांबते. विजय जितका हाताशी आलेला, तितकी ही प्रवृत्ती बळावते. त्याच बाद फेरीत २९ मार्चला मुंबई सिटी एफ. सी. हा आपल्या राज्यातील संघ याच बंगळुरूकडून ०-५ असा हरला. अशा पराभवात एकच आरोपी सापडत नाही. दोष सगळ्या संघावर सारखा सांडतो. एका गोलाने हरलेल्या संघाला मात्र गुन्हेगार हवा असतो.

गोव्याच्याच इतिहासात याहून बोलके उदाहरण आहे. २० डिसेंबर २०१५ रोजी याच फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामन्यात चेन्नईयिन एफ. सी. विरुद्ध गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने दोन पेनल्टी अडविल्या. पहिल्या वेळी परतलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पुन्हा मारून गोल केला, हा भाग निराळा. ८७व्या मिनिटाला गोवा २-१ असा आघाडीवर होता. ९०व्या मिनिटाला गोलपुढील गोंधळात कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि दोनच मिनिटांनी स्टिव्हन मेंडोझाने गोल करून चषक चेन्नईला नेला. दोन पेनल्टी अडविणारा आणि स्वयंगोल करणारा माणूस एकच होता. जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय खात्याची शिल्लक काढू नये, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. पराभवाच्या रात्री मात्र फक्त नावेची बाजू वाचली जाते.

ओझे दोघांनी उचलले तर

१९७२ मध्ये आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी एका प्रसिद्ध निबंधात साधे उदाहरण घेतले. दोन माणसे मिळून जड ओझे मालमोटारीत चढवितात. दिवसअखेर किती माल चढला हे मोजता येते. परंतु त्यात एकाचा वाटा किती आणि दुसऱ्याचा किती, हे निव्वळ मालाकडे पाहून सांगता येत नाही. याला त्यांनी सांघिक उत्पादन म्हटले. चिंचोळीच्या कोणत्याही गोदामापाशी उभे राहिले तर हे दृश्य दिसेल. ओझे हातातून सुटले, तर ज्याच्या पायाशी पडले त्याला बोल लागतो. दुसऱ्याने पकड आधीच सैल केली होती की काय, हे कोणी विचारीत नाही.

याचा अर्थ कोणालाच जबाबदार धरू नये, असा नव्हे. उलट, वाटा मोजता येत नाही म्हणूनच अशा कामात अंग चोरण्याचा मोह होतो, आणि म्हणून देखरेख करणारा कोणी तरी हवा, असे त्याच दोघांचे प्रतिपादन होते. देखरेख करणाराच अंग चोरू लागला तर काय, यावर त्यांचे उत्तर असे की, सर्वांचे देणे देऊन जे उरेल ते त्याच्या पदरी पडावे, म्हणजे नफ्यातोट्याची झळ त्याला लागेल. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ही व्यवस्था दुभंगलेली असते. देखरेख प्रशिक्षक करतो, उरलेल्याचा धनी मालक असतो. पराभव झाला की प्रशिक्षकाची नोकरी जाते. ज्याने त्याला निवडले, खेळाडू विकत घेतले आणि पैसा किती खर्चायचा हे ठरविले, तो मात्र पुढचा प्रशिक्षक शोधू लागतो. नेदरलंड्समधील फुटबॉलच्या दोन दशकांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात असे दिसले की, प्रशिक्षक बदलल्यानंतर संघाची कामगिरी सुधारते खरी. परंतु तशाच पडत्या काळात प्रशिक्षक न बदलणारे संघही जवळजवळ तितकेच सावरतात. पडती वेळ बहुधा आपोआपही सरते. श्रेय मात्र बडतर्फीला मिळते.

आठ पराभव, पाच प्रशिक्षक

येथे टपरीवरील एकाने रास्त हरकत घेतली. "एकदा झालं तर नशीब म्हणू सर, दर वेळी तेच होतं, त्याचं काय?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. २०१४ ते २०२५ या काळातील अकरा हंगामांपैकी आठ हंगामांत गोव्याने उपांत्य फेरी गाठली, आणि आठही वेळा चषक दुसऱ्याने नेला. २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध पेनल्टींवर. २०१५ ची कथा वर आलीच आहे. २०१८ मध्ये पुन्हा चेन्नई. २०१९ च्या मुंबईतील अंतिम सामन्यात बंगळुरूच्या राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला केलेला एकमेव गोल. २०२० मध्ये साखळीत पहिला क्रमांक मिळवूनही चेन्नईकडून एकूण ५-६. २०२१ मध्ये मुंबईविरुद्ध पुन्हा पेनल्टींवर. २४ एप्रिल २०२४ रोजी तर फातोर्ड्याला ९०व्या मिनिटापर्यंत २-० अशी आघाडी असताना मुंबईने सहासात मिनिटांत तीन गोल केले. आणि मग २०२५.

येथे थोडे गणित करू. उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही लढती म्हणजे निव्वळ छापा-काटा, असे मानले तर एका हंगामात चषक मिळण्याची शक्यता चारांत एक, म्हणजे न मिळण्याची तीन-चतुर्थांश. आठही वेळा न मिळण्याची शक्यता शेकडा १० भरते. ती कमी आहे, पण अद्भुत नाही. मात्र गोव्याचा संघ खरोखरच सरस होता आणि प्रत्येक लढत जिंकण्याची त्याची शक्यता शेकडा ६० होती असे धरले, तर आठही वेळा हात हलवीत परतण्याची शक्यता शेकडा ३ च्या आत येते. तेव्हा केवळ नशिबाला बोल लावून सुटका नाही, हे मान्य केले पाहिजे. बाद फेरीत या संघाला काही तरी कमी पडत असावे, ही प्रेक्षकांची शंका अगदीच निराधार नाही.

परंतु हाच आकडा दुसरीही गोष्ट सांगतो. या आठ पराभवांच्या वेळी संघाच्या सूत्रधारपदी झिको, सर्जिओ लोबेरा, क्लिफर्ड मिरांडा, हुआन फेरांडो आणि मार्केझ असे पाच निरनिराळे प्रशिक्षक होते. त्यांपैकी लोबेरा यांना तर २०२० च्या प्रारंभी, संघ साखळीत आघाडीवर असतानाच, घरी पाठविण्यात आले होते. खेळाडूही बदलत गेले. आरोपी दर वेळी नवा, निकाल मात्र तोच. मग दोष व्यक्तीत शोधणे हे तर्काला धरून कसे होईल? जे बदलले नाही त्यात तो शोधावा लागेल: संघबांधणीचे धोरण, आक्रमक खेळाला दिलेले झुकते माप, अखेरच्या मिनिटांत आघाडी राखण्याची सवय नसणे, राखीव खेळाडूंची खोली. यांतील नेमके कोणते, ते मी या टेबलामागून सांगू शकत नाही. परंतु तपास कोणत्या दिशेने करावा, एवढे आकडे निश्चित सांगतात.

आणि आणखी एक गोष्ट. २०२२-२३ मध्ये हा संघ सातव्या क्रमांकावर राहून बाद फेरीत पोचलाच नाही. त्या हंगामाचा कोणी खटला चालवीत नाही. उंबरठ्यापर्यंत येऊन ठेचाळणाऱ्याचे हसे होते, घरातूनच न निघालेल्याचे होत नाही. शिवाय, ६ एप्रिलला नालायक ठरलेल्या याच संघाने याच प्रशिक्षकाच्या हाताखाली सत्तावीस दिवसांनी, ३ मे रोजी, भुवनेश्वर येथे जमशेदपूरला ३-० असे हरवून सुपर कप जिंकला. चार आठवड्यांत माणसे बदलली नव्हती. बदलला होता तो निकाल.

भयाची किंमत

खापर फोडण्याने मन हलके होते. त्यात कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते, आणि पुष्कळ बिघडते. १६ जुलै १९५० रोजी रिओ येथे उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरविले, तेव्हा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा याच्या माथी जे खापर फुटले ते २००० मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत, पन्नास वर्षे, उतरले नाही. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या वाट्याला याहून भयंकर आले. जून १९९४ मध्ये विश्वचषकात त्याच्याकडून स्वयंगोल झाला आणि दहा दिवसांनी मेडेयीन शहरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. ही टोके झाली. परंतु दोषाचे भय रोजच्या निर्णयांतही शिरते. इस्रायली संशोधकांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोलरक्षक मध्यभागी उभा राहिला तेव्हा सुमारे एक-तृतीयांश चेंडू अडविले गेले; डावीउजवीकडे झेपावला तेव्हा सातआठांतून एक. तरीही गोलरक्षक शंभरातून सहाच वेळा जागेवर उभे राहिले. झेपावून गोल झाला तर प्रयत्न केला असे म्हणतात. उभे राहून झाला तर हातावर हात ठेवून उभा होता म्हणतात. म्हणजे दोष टाळण्यासाठी माणूस लाभदायक मार्ग सोडून देतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याचीच गोष्ट यात बसते. तो ज्या कारखान्यात काम करतो तेथील एका यंत्राचे बेअरिंग पंधरा दिवस आवाज करीत होते. पहिल्या पाळीवाल्याने तसे वहीत लिहिले, दुसऱ्यानेही लिहिले. सुटा भाग मागविण्याचा कागद कोठे तरी सहीसाठी पडून राहिला. एका पहाटे चारच्या सुमारास यंत्र अडकले, आणि पाळी याची होती. मेमो याला मिळाला, दोन दिवसांचा पगारही गेला. हे तो टपरीवर तावातावाने सांगत होता; त्याच तावात थोड्या वेळापूर्वी त्याने शेवटच्या दोन मिनिटांतील बचावपटूला दोषी ठरविले होते. मी ते त्याच्या ध्यानात आणून दिले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आता वहीत काही लिहायचंच नाही असं ठरवलंय सर. लिहिलं की माहीत होतं असं धरतात."

मला वाटते, खापर फोडण्याची खरी किंमत या वाक्यात आहे. शेवटच्या माणसाला शिक्षा केल्याने यंत्र दुरुस्त होत नाही. उलट, यंत्र बिघडते आहे ही बातमी वर पोचण्याचा मार्ग बंद होतो. पुढचा बिघाड अधिक मोठा असतो. सोलापूरकरांनी हे मोठ्या प्रमाणावर पाहिलेले आहे. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांचे भोंगे ज्या शहरात घड्याळाचे काम करीत, तेथे गिरण्या बंद पडल्यावर कोणी कामगारांना दोष दिला, कोणी युनियनला, कोणी शेवटच्या व्यवस्थापकाला. यंत्रसामग्रीचे वेळेवर न झालेले नूतनीकरण, यंत्रमागांची स्पर्धा, बदलते सरकारी धोरण ही वर्षानुवर्षांची कारणे एका माणसाच्या चेहऱ्याइतकी स्पष्ट दिसत नव्हती.

न दिसणारे आरोपी

भारतीय फुटबॉलमध्येही हेच घडले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांच्या बोलीवर, खासगी भागीदाराला दिले. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे पहिल्या दिवसापासून कागदावर होते. दुसरीकडे महासंघाच्या घटनेचा वाद २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयात होता आणि त्याचा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. करार संपत आला, नवा झाला नाही. ११ जुलै २०२५ रोजी लीगच्या आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित ठेवल्याचे कळविले. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी साखळी त्या सप्टेंबरात सुरू झाली नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन थांबविले. एप्रिलमध्ये एका उडीत चुकलेल्या बचावपटूवर जितके बोलले गेले, त्याच्या दशांशाने तरी पंधरा वर्षे माहीत असलेल्या या तारखेबद्दल बोलले गेले असते तर बरे झाले असते. आवाज करणारे बेअरिंग हे होते. पण ते पडद्यावर दिसत नव्हते.

तेव्हा निवाडा काय? दोष आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी आपण वेगळ्या केल्या पाहिजेत. दोष घटनेनंतर शोधला जातो आणि बहुधा दुबळ्याच्या पदरी पडतो. उत्तरदायित्व घटनेपूर्वी ठरवावे लागते: कोणता निर्णय कोणाचा, त्यासाठी त्याला कोणती साधने दिली आणि त्याचा हिशेब कोण घेणार. बचावपटूने आपली जागा सोडली असेल तर त्याचा जाब प्रशिक्षकाने घ्यावा, प्रशिक्षकाचा मालकाने, आणि मालकांचा व महासंघाचा जाब तिकिटाचे पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकांनी. आज हा क्रम उलटा चालतो. प्रेक्षक थेट बचावपटूला धरतात आणि वरच्या पायऱ्या सुखाने मोकळ्या राहतात.

त्या दुपारी मी निकाल दिला नाही. विद्यार्थ्याला एवढेच सांगितले की, वहीत लिहिणे सोडू नकोस. फक्त खाली तारीख, वेळ आणि वाचणाऱ्याची सही घेत जा. "सही कोण देणार की ओ सर," असे म्हणत तो हसला आणि चहाचे पैसे देऊन निघाला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते उत्तर वसाहतीतल्या मोठ्या टेबलांपाशी आहे, आणि फुटबॉलच्या बाबतीतही ते मैदानात नाही.